जोडहोडीचा फेटा

पुणतांबा, १६-११-७०

ती. रंगुआक्कास धाकट्या भीमाचा सा. न. वि. वि.

इकडं समदी बरी हाईत, एक मी सोडून. पुनवेच्या जत्रेतली शिडाच्या होड्यांची शर्यत मी जिंकली. दोन बारक्या होड्या शेजारी ठिवून आडव्या वाशांनी जखडल्या, मधी शीड उभं केलं. वारं भरलं तशी जोडी अशी पळाली की बाकीचे माझी पाठच बघत ऱ्हायले. घाटावर पंच आबासाहेबांनी रिवाजापरमानं मला फेटा बांधला. तेवढ्यात दुसरा आलेला त्यांचा पुतन्या श्रीमंत त्यांच्या कानाला लागला, आन् समद्यांदेखत त्यांनी तो सोडला. म्हनले, जोडहोडी ही होडीच न्हवं. फेटा श्रीमंताला गेला. आक्का, लोक हसले गं! वल्हं घिऊन त्यांच्या दारात जावं वाटतंय.

तुझी माया हाय म्हनून आधी तुला कळवलं.

भीमा

टोके, २३-११-७०

चि. भीमास अनेक आशीर्वाद.

येड्या, वल्ह्यानं डोकं फुटतं, नाक कापलं जात न्हाई. जोडहोड्यांची येगळीच शर्यत काढ. तीच पुनव, तीच नदी, पन एकेरी होडीला मज्जाव. आन् पंचाच्या घरचं कुनी उतरायचं न्हाई, म्हंजे चुलत्या-पुतन्याचा खेळच बंद. इकडच्या गड्यांना मी जोड्या बांधायला लावते.

मला बी आबासाहेबांनीच काढली हुती, आठवतंय? माझं लगीन ठरलं तशी म्हनले, लेक दिली की दुसऱ्या घरची, गावच्या शर्यतीत तिचं काय काम? तवा मी गप बसले. पोटात ठिवलंय अजून.

लोभ कर, आन् राग जपून ठिव.

रंगू

पुणतांबा, १५-१०-७१

ती. आक्कास सा. न. वि. वि.

लई जोड्या जमल्या, पार कोपरगावापासनं! पन लोकांनी पंच मलाच केलं, आन् तुझ्याच नियमानं मी बाहेर. वर श्रीमंतानं बी जोडहोडी बांधली. मी अट घातली, त्याला उतरायचं तर आबासाहेबांनी घाटावर म्हनावं की जोडहोडी ही होडीच. पुतन्यापायी म्हनले, तोंडातल्या तोंडात. कोंडीराम म्हाताऱ्याला ऐकू गेलं न्हाई, म्हनून परत म्हनायला लावलं. जीव गार झाला.

पन श्रीमंताला हरवील असा गडी दिसत न्हाई. माझी होडी पालथी पडलीय, आन् फेटा माझ्याच हातानं त्याला बांधायचा. आक्का, हात झडतील माझे.

काय करू ते लगोलग लिव.

भीमा

टोके, २०-१०-७१

चि. भीमास आशीर्वाद.

होडी सुलटी कर, तेल पाज. मी येतेय. लेक दिली की दुसऱ्या घरची, हे आबासाहेबांचंच बोलनं. मग मी पंचाच्या घरची कशी? नाव टोक्याच्या घराचं लाव.

ओटी भरायच्या तयारीत बसू नगा. मी फेट्याला येतेय.

रंगू

टोके, ७-११-७१

चि. भीमास उदंड आशीर्वाद.

सुखरूप पोचले. हाताला फोड हाईत, पन जेवताना बी हसू येतंय. माझ्या नावाला हरकत घेताना श्रीमंत केवढा वरडत हुता! आन् चुलत्याचं जुनं बोलनं मी समद्यांपुढं काढलं तसा चुलताच खाली बघाय लागला. मग पान्यात बी श्रीमंताला माझी पाठच दिसली.

तू मला फेटा बांधलास, तो मी उतरवून तुझ्या डोक्याला बांधला ते उगं न्हाई. तुला धरून आबासाहेबांपुढं उभा केला आन् म्हनलं, आता सोडून दावा. त्यांनी हात उचलला, भीमा, आन् आपल्याच धोतराचा सोगा सावरला!

तू म्हनलास, फिटलं. माझं न्हाई फिटलं. पुढल्या पुनवेला फेटा बांधायचा मान आबासाहेबांनाच दे. जोडहोडीवाल्यांना दर साली बांधू दे, मरंस्तोवर.

बहिणीवर लोभ ठिव, आन् होडी पालथी ठिवू नगं.

रंगू