न झालेली कावीळ

प्रिय सुबोध,

आजच्या आज हे कुणाला सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल, आणि सांगायला तुझ्यासारखा भाऊ सोडून दुसरं कोण आहे? फोन केला असता, पण हल्ली तू 'बरं ताई, ठेवतो' एवढंच बोलतोस आणि ही गोष्ट तेवढ्यात मावणारी नाही. म्हणून घाटकोपरहून विक्रोळीला घरी आले ती चहासुद्धा न घेता पेन घेऊन बसले. तर ऐक. आज मी कामावर गेले, तीन महिन्यांनी. आणि आज माझ्या हातात पुन्हा सुई आली.

लॅबमध्ये माझा तोरा काय तो तेवढाच होता रे. तान्ह्या बाळाची किंवा सुकलेल्या म्हातारीची शीर सापडेना की हाक यायची, सुगंधाला बोलवा. गणपती गेले आणि मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. आधी झोप उडाली, मग भूक गेली, मग केस विंचरायचे म्हटलं तरी डोंगर वाटायला लागला. ट्यूबवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचायचे तरी विश्वास बसेना. एका दुपारी एक बाई हात पुढे करून बसलेली आणि मला तिला टोचवेचना. आत जाऊन रडायला लागले ती थांबलेच नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटल्यावर, माझ्याकडे राहायला आलेल्या आईचा पहिला प्रश्न काय, तर लोकांना काय सांगायचं. मला धास्ती वेगळीच होती. लॅबमध्ये कळलं की हिचं मन बिघडलंय, तर परत हिच्या हातात सुई देणार कोण? काउंटरवर पावत्या फाडायला बसवतील जन्मभर.

मग आपण घरच्यांनी, आई, तू, तुझे भाऊजी आणि मी, बसून ठरवलं, कावीळ सांगायची. 'टायफॉइडपेक्षा कावीळ बरी, लांबते,' हे तुझंच डोकं. आता आपली अक्कल बघ. रक्त तपासणाऱ्या माणसांना काविळीची थाप मारायची, म्हणजे सोनाराला पितळ दाखवून सोनं म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी कुंदा बॅग घेऊन दारात उभी. कुंदा म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर रक्त काढते ती, मालवणची, एक नंबरची फटकळ. काविळीचं बिलिरुबिन रक्तात किती चढलंय ते बघायला नको का, म्हणाली. आई घाबरून माझ्याकडे बघत राहिली आणि मी मुकाट्याने हात पुढे केला. त्या दिवसांत मला कशाचं काही वाटतच नव्हतं. रिपोर्ट काय आला ते मी विचारलं नाही आणि लॅबवाल्यांनीही सांगितलं नाही.

पण नंतर जे सुरू झालं ते तू पाहिलंच आहेस. कधी उसाचा रस, कधी मुळ्याचा पाला, कधी बिनफोडणीची खिचडी. आमच्या मोठ्या डॉक्टर ऋता मॅडम फळं पाठवत होत्या. कुंदाने तर गावाहून काविळीची माळ मागवली. ती म्हणे डोक्यावर ठेवायची, मग ती आपोआप लांबत गळ्यात उतरते आणि कावीळ गेली असं समजायचं. मी ती मुंडावळ्यांसारखी डोक्यावर घेऊन बसले आणि तू फोटो काढायला धावलास. माळ लांबली आणि गळ्यातही उतरली. नसलेली कावीळ उतरवणारी माळ जगात तीच एक असेल.

खरं औषध डॉक्टरांचं होतं हे तुला माहीत आहे. गोळ्या लागू पडल्या, दर गुरुवारी समुपदेशक बाईंशी बोलून बोलून मन हलकं होत गेलं आणि डॉक्टरांनीच कामावर जा म्हटलं. आज सकाळी निघतानाच ठरवलं की थाप पुरे झाली. दुपारी सगळ्यांचे डबे उघडले, आणि मी एका दमात बोलून टाकलं, मला कावीळ नव्हती, डिप्रेशन होतं, गोळ्या अजून चालू आहेत. कुणी दचकलं नाही. कुंदा चपातीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, 'गो, आमका पयल्या दिवसापासून म्हायत आसा. तुझा बिलिरुबिन माझ्यापेक्षा बरा होता.'

मला इतका राग आला, सुबोध. माहीत होतं तर एकाने तरी विचारायचं होतं ना. तेव्हा मशीनवरचा सम्यक हळूच म्हणाला, 'ताई, विचारायचं कसं तेच कळेना. म्हटलं तुम्ही कावीळ म्हणताय तर कावीळ. निदान रस तरी पाजता येतो.' यावर काय रागावणार? मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि कुंदाने पाठीत एक धपाटा घातला.

मग मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी मनाने काउंटरवर जाऊनसुद्धा बसले होते. त्या म्हणाल्या, उद्यापासून महिनाभर अर्धा दिवस ये, गुरुवारी हक्काने सुट्टी घे आणि बरं वाटेनासं झालं तर मला तसंच सांग, कावीळ नको. मी विचारलं, आणि सुई? त्या मला बाहेर घेऊन आल्या. तिथे कुंदा खुर्चीत बसलेली, बाही वर सारून. 'घे माझा रगत. तुझो हात काय इसारूक नाय.' पट्टा बांधला, बोटाने चाचपत राहिले आणि शीर लागली. पहिल्याच टोचणीत रक्त आलं. लगेच बाहेरच्या एका आजोबांना आत घेतलं, तर ते म्हणतात, झालं पण? काय वाटलं ते कसं सांगू तुला. घरी येताना रिक्षात मी एकटीच गाणी म्हणत होते.

आता हे पत्र का, ते सांगते. काल रात्री उशिरा प्रांजलचा फोन आला. तुझ्या बँकेत तुझी स्लिप डिस्क कळवली आहे म्हणाली, तुझ्याच सांगण्यावरून. मग ती रडायला लागली. तू दिवसभर पडदे ओढून पडलेला असतोस, आणि मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही, असं स्वतःच्या बायकोला म्हणालास. सुबोध, ते वाक्य मी मनातल्या मनात महिनाभर म्हटलंय, आणि मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. ते खोटं होतं. त्या आजारात तसं वाटतं, आणि तो आजार बरा होतो. तुझ्याकडे उसाचा रस घेऊन मी येणार नाही. मला खरं माहीत आहे आणि मी तोंडावर विचारतेय, जीव नकोसा झालाय का तुला? तुझे भाऊजी हे पत्र घेऊन आत्ता निघतायत आणि आज ते बोरिवलीला तुझ्याचकडे राहणार आहेत, नको म्हणू नकोस. सकाळी मी येते, उद्याची रजा मॅडमकडून मागून घेतली आहे. माझ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दाढी करू नकोस, कपडे बदलू नकोस, काय बोलायचं त्याचा विचारही करू नकोस. नुसत्या चपला घाल आणि माझ्याबरोबर चल.

तुझीच, गोळ्या घेणारी आणि तरी मजेत असलेली,
सुगंधाताई