पायऱ्यांवरची उपासना

४ फेब्रुवारी १९५१, रविवार

पुन्हा कौतिकच! मी आठवडाभर खपून प्रवचन लिहिले. बायकांनी ऐकले, जांभया दिल्या. मग कौतिकने आपल्या बेसूर आवाजात गीत धरले आणि साऱ्या जाग्या झाल्या.

परदेशी मिशनरी गेल्यापासून आमचे प्रार्थनामंदिर ओस पडत चालले होते. मी तेव्हा नागपूरला बी.ए. करत होते — घरातली पहिलीच. परत जाऊन सारे मीच सावरणार, असे ठरवले होते. आले तर सतरंजी भरलेली! निंबोल्याची कौतिक दर रविवारी केळीच्या गाडीवर बसून येते आणि आमच्या सिंधीपुरा मोहल्ल्यात दारोदार हाका मारत फिरते. कोण आजारी, कोणाचे नवऱ्याशी वाजले — तिला सगळे ठाऊक. बायका येतात त्या तिच्यासाठी.

आणि ती ख्रिस्ती तरी कुठे आहे? बाप्तिस्माच झालेला नाही!

७ फेब्रुवारी

बाजारात भेटली. मुद्दाम विचारले, बाप्तिस्मा कधी घेणार?

"सासू अंथरुणाले खिळली हाय, निर्मला. मी बाटली तर ती माझ्या हातचं खाणार नाही. दुसरं भरवणारं कोण हाय? येशूले समजते ते. तुले नाही समजणार, तू बी.ए. झाली ना."

भाजीवाली खुदकन हसली. मी मेथी न घेताच घरी आले.

११ फेब्रुवारी, रविवार

खंडव्याहून पाळकसाहेब आले होते. बायकांची उपासना कोणी चालवायची, ते ठरवायचे होते. मंडळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या रंभाबाईंनी कौतिकचे नाव सुचवले. त्यावर मी — अगदी नम्रपणे — म्हटले, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. साहेबांना हे माहीतच नव्हते. मग नियमात बसत नाही, म्हणाले. काम माझ्याकडे आले.

बाबांनी पेढे आणले. गोड लागले. हो, लागले!

१८ फेब्रुवारी, रविवार

कौतिक आली. आत यायची मनाई नव्हती, पण ती बाहेर पायरीवरच बसली. म्हणाली, "तू आत बोल, मी इथून ऐकते." एकेक बाई तिच्या शेजारी टेकली. आत मी, आई आणि रंभाबाई. गीत सुरू होताच रंभाबाईही उठल्या. गुडघे दुखतात म्हणे, पायरीवर बरे वाटते!

२१ फेब्रुवारी

प्रार्थनेला डोळे मिटले की तीच दिसते. तिला येशू इतका सहज कसा भेटतो? मी तर त्याच्यासाठी एवढी शिकले.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज आईसुद्धा पायरीवर.

११ मार्च, रविवार

कौतिकच्या नवऱ्याने, गिरधरभाऊंनी, आपल्या आईला गाडीत घालून आणले. खाली केळीची पाने, वर गोधडी, त्यावर म्हातारी. सून आपल्यापायी बाप्तिस्मा न घेता पायरीवर बसते, हे तिला मुलाकडून कळले होते. कौतिकला यातले काहीच ठाऊक नव्हते.

आज पाळकसाहेब उपासनेला आलेले होते, ते बाहेर आले. म्हातारी म्हणाली, "बाप्तिस्म्याचं पाणी पहिले मले दे, बाबा. मग सुनेले. मग तिच्या हातचं खायले काय अडचण?"

पाणी आणायला मी आत गेले. तिथेच रडले. हेव्याने की कशाने, अजून कळत नाही.