गुठळीचा ठराव

३ मार्च, सकाळी
आजपासून नवं पर्व. काल तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी आठ महिन्यांची झाली, आता गुळगुळीत पेस्ट पुरे. काट्याने कुस्करून द्या, मऊ गुठळ्या राहू द्या, मग बोटभर तुकडे तिच्याच हातात द्या. फार उशीर केला तर पोर पुढे चावायलाच नाही म्हणतं. मी तत्काळ मान्य केलं. कारखान्याच्या गेटवर हजारोंपुढे उभा राहून मॅनेजमेंटला घाम फोडणारा माणूस उकडलेल्या बटाट्याला भिणार नाही.
ठराव: उद्यापासून गुठळी. अध्यक्षांच्या संमतीने मंजूर. (अध्यक्षा म्हणजे आमची कन्या. उंच खुर्चीत बसते, टेबल आपटते, कुणाचं ऐकत नाही.)

४ मार्च
बटाटा कुस्करला. काट्याने, स्वतः. आधी प्रास्ताविक केलं. माणसाचा इतिहास हा चावण्याचा इतिहास आहे, गुळगुळीतपणा ही तडजोड आहे, इत्यादी. अध्यक्षा चमचा वाजवत होत्या. पहिला घास. उबळ. तोंड लाल, डोळ्यांत पाणी, मग खोकला.
तोच तो खोकला.
बटाटा मिक्सरमध्ये घातला. जातच चिकट निघाली. भाजीवाल्याला जाब विचारणार.

५ मार्च
डॉक्टरीणबाईंना फोन. म्हणाल्या, उबळ येणं म्हणजेच शिकणं. आवाज करतेय तोवर धीर धरा. अडकलं की आवाजच बंद होतो, तेव्हा काय करायचं ते तुम्हाला दाखवलंय. मी म्हणालो, मी घाबरलेलो नाही, केवळ माहिती घेतोय. त्या म्हणाल्या, मग धापा का टाकताय? जिना चढतोय, असं सांगितलं.
आमचं घर तळमजल्यावर आहे, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही.

७ मार्च
मिक्सर थांबला की मागच्या खोलीतून बाबा खोकतात.
बाबांना जाऊन वर्ष होत आलं. यात गूढ काही नाही. मिक्सर जुना आहे, बाबांच्या आजारपणात घेतलेला. मोटर थंड होताना असे आवाज येतात. मी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललो आहे. तरी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. वाऱ्याने आपटतं म्हणून.
गाजराची पेस्ट. आरशासारखी. गुठळी उद्या.

१० मार्च
बायको ऑफिसातून लवकर आली. पेस्ट पाहून म्हणाली, अरे, हे पोरीला भरवायचंय की भिंतीला लावायचंय? मी तात्त्विक बाजू मांडली. गुठळी म्हणजे विषमता. पेस्टमध्ये सगळे कण समान. ती म्हणाली, भाषण संपलं असेल तर तोंड पूस, तुझ्या मिशीला समता लागलीय.
उरलेली पेस्ट मीच खातो. अन्न टाकणं मला पटत नाही. ती म्हणाली, वर्ष झालं तू सगळं पातळच खातोयस, दात कुणाला दान केलेस का? म्हटलं, दाढ दुखते. कुठली, म्हणाली. डावी म्हणालो आणि उजवा गाल धरला.

१३ मार्च
मागच्या खोलीतल्या कपाटावरचा डबा आईने आज पुन्हा पुसला. बाबांच्या पाण्यात घालायची पावडर. अर्धांगवायूचा झटका आल्यावर त्यांना साधं पाणी गिळता यायचं नाही, ठसका लागायचा. मग आई पाणी घट्ट करून द्यायची, चमच्या-चमच्याने. म्हटलं, टाकून दे आता. म्हणाली, असू दे, तुझ्याकडे काही मागतोय का तो?
बाबा शेवटी एकच मागायचे. काहीतरी चावायला दे रे. मी नियम मोडला नाही. मिक्सरमधलंच दिलं. नियम डॉक्टरांचा होता आणि बरोबर होता.
याचा अध्यक्षांच्या आहाराशी काडीचा संबंध नाही. ओघात आलं म्हणून लिहिलं.

१६ मार्च
गेटसभा. ऐन रंगात असताना गर्दीत मागे कुणीतरी खोकलं. तसंच. मी थांबलो. सगळे थांबले. बराच वेळ. विराम फार परिणामकारक ठरला. आमच्या युनियनचे कार्यवाह मात्र म्हणाले, भाऊ, घरी जा, झोपा जरा.

२१ मार्च
अध्यक्षांचा बहिष्कार. माझा चमचा दिसला की ओठ मिटतात. भोपळ्याची पेस्ट माझ्या चष्म्यावर. उशीर झाला का? ही आता कधी चावणारच नाही का? जन्मभर मिक्सर? माझ्यामुळे?
नाही. दात येत असणार.
उद्या निर्णायक लढा. सफरचंद, गुठळ्यांसह. माघार नाही.

२२ मार्च
सफरचंद उकडलं. मिक्सरमध्ये गेलं. हातांना सवय झालीय, त्याला मी काय करणार?

२३ मार्च, दुपारी
बैठक रद्द झाली, लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात अध्यक्षा उंच खुर्चीत, समोर बायको आणि आई. ताटलीत बटाट्याच्या फोडी, शिजलेल्या गाजराचे तुकडे, ऑम्लेटच्या पट्ट्या. अध्यक्षा दोन दात आणि सगळ्या हिरड्यांनिशी चावत होत्या. ठसका लागला. लाल झाल्या, खोकल्या, तुकडा बाहेर काढला, निरखला, परत तोंडात घातला. जागचं कुणी हललं नाही. फक्त मी दाराची चौकट धरली.
कधीपासून, विचारलं. बायको म्हणाली, डॉक्टरांकडून आलो त्याच आठवड्यापासून. तुला सांगितलं असतं तर तू सभा घेतली असतीस. आई म्हणाली, तुझी पेस्ट तिला आवडत नाही रे, इतके दिवस तुझं मन राखलं पोरीने. आणि उठून मागच्या खोलीत गेली.
मी तीव्र निषेध नोंदवायला खाली वाकून तोंड उघडलं. अध्यक्षांनी त्यात मुठीतला बटाटा कोंबला.
कोमट, लाळेने भिजलेला, मधोमध गुठळी. थुंकता येईना, ती टक लावून बघत होती. चावला. दाढा एकमेकींना विसरल्या होत्या. गिळताना ठसका लागला. जोरात.
मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. अहो, थांबा, पाणी घट्ट करून आणते.
या घरात अहो फक्त बाबा होते. बायको मला अरे म्हणते.
आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग झाकण परत लावल्याचा.
बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. अध्यक्षांनी गाजर पुढे केलं. खाल्लं. पुन्हा खोकला आला. हळूच खोकलो, आत ऐकू जाणार नाही असा.