आईच्या फोटोला हार

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. हॉटेलात साधा वेटर होतो, आता मुख्य वेटर झालो. कारण वाचून तू हसशील की चिडशील, सांगता येत नाही. आमचं हॉटेल मेक्सिकन असलं तरी मालक मेक्सिकन नाही, त्याने तो देश पाहिलेलाही नाही. माझा रंग आणि मिशी बघून त्याने मला परातीएवढी टोपी दिली. आता गिऱ्हाइकांना मी तिकडचाच वाटतो. परवा एका टेबलाने आग्रह केला, तुमच्या भाषेत काहीतरी म्हणा. मी बेचा पाढा म्हटला. बे दाहे वीसला टाळ्या पडल्या.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. मालकाला भिंतीवर एक आजी हवी होती, जिच्या हातची चव आम्ही वाढतो असं सांगता येईल. माझ्या पाकिटात आईचा फोटो होता, नाकात चमकी, डोक्यावर पदर. मी मोठ्या उत्साहाने काढून दिला. त्याने तो मोठा करून लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर केशरी कागदी फुलांचा हार! तिकडे मेक्सिकोत वारलेल्या माणसांच्या फोटोला अशी फुलं वाहतात म्हणे. आता मी रोज त्याखाली उभा राहून सांगतो की ही माझी आजी, देवाघरी गेली, पण चव मागे ठेवून गेली.

आणि आई एकवीसला येते आहे. पहिलं जेवण तुझ्या हॉटेलातच जेवीन म्हणते. ताई, काय करू?

लोभ आहेच, हे वाचून तो आटू देऊ नकोस.
तुझा,
बटू


९ मार्च

चि. बटूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. हसू पाढ्याचं होतं. जित्या आईला हार घालून तिच्याखाली ताटं वाढतोस, तुला काही वाटत कसं नाही रे? तुझे भाऊजी म्हणाले, एवढं काय त्यात. त्यांचं सोड, त्यांची आई नाही भिंतीवर.

फोटो काढ. ते जमत नसेल तर ती यायच्या आत स्वतःच्या तोंडाने सांग. तुझ्याकडून कळलं तर चार दिवस चिडेल. आपलं आपण बघितलं तर बोलणारच नाही, आणि तिचं न बोलणं तुला ठाऊक आहे. मी तिला काही कळवणार नाही, हे तुझंच काम आहे.

आणि एक सांग. आईने जन्मात तिकडचं काही रांधलेलं नाही. मग ते सगळं करतं कोण?

तब्येतीला जप, जमलं तर अकलेलाही.
तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रांधते आमची आचारीण. अख्ख्या हॉटेलात खरी मेक्सिकन तीच, आणि ती मागे भटारखान्यात, कोणाला न दिसणारी. तू विचारलंस म्हणून मी तिला विचारलं. आजी हवी म्हटल्यावर तिने मालकाला आधी आपल्या आईचा फोटो दिला होता. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. गोरी, आखूड केसांची, चष्मेवाली बाई, शाळेत गणित शिकवायची आणि घरी हिला रांधायला. मालक म्हणाला, ही मेक्सिकन दिसत नाही. म्हणजे हातचं सगळं त्या बाईचं आणि चेहरा आपल्या आईचा. मला फार लाज वाटली. हारातली फुलंही ही आचारीणच करते आणि दर आठवड्याला बदलते. का, ते विचारायचा धीर झाला नाही.

मालक म्हणतो, फोटो उतरला की तुझी टोपीही उतरेल. आईला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बॅगेत काय काय भरलंय तेच ती सांगत राहिली, आणि तिच्या उत्साहापुढे माझी जीभ उचलली नाही.

रागाव, पण पत्र धाडत जा.
तुझा भित्रा,
बटू


२५ मार्च

चि. सौ. ताईस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. बटू घ्यायला आला तेव्हाच त्याचं काहीतरी बिनसलंय हे ओळखलं. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. तुलाही सगळं ठाऊक होतं म्हणे. त्याबद्दल समोरासमोर बोलू.

हॉटेलात शिरले तर भिंतीवर मीच, हार घातलेली. खाली आपला बटू, डोक्यावर ते टोपलं, एका कुटुंबाला माझ्याविषयी सांगत होता. भाषा कळली नाही, पण वर आभाळाकडे दाखवलेलं बोट कळलं. हाराचं मला काही नाही. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, मालकाने मला शंभरी गाठून दिली. वाईट एवढंच वाटलं, की मी गेले असं सांगताना माझ्या पोराचा आवाज जराही हलला नाही.

मग त्याने मला बघितलं. टोपी काढली, माझा हात धरला आणि त्या माणसांना सांगून टाकलं की ही माझी आई, धडधाकट आहे, आणि तुम्ही जेवताय ते हिचं नाही, आत रांधणारीच्या आईचं आहे. हे त्याने मला नंतर सांगितलं. गिऱ्हाइकांना तोही खेळच वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आचारीण हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि रडायलाच लागली. मला वाटलं, भूत समजली.

मी खुर्चीवर चढून फोटो उतरवला. मालक नको नको म्हणत होता. चौकट उघडली तर माझ्या फोटोमागे आणखी एक फोटो. चष्मा, आखूड केस. ती बिचारी इतके आठवडे आपल्या आईलाच फुलं वाहत होती गं. मी नुसती पुढे उभी होते.

तो फोटो पुढे आणून मीच परत टांगला. मालकाने आठ्या घातल्या, पण सगळं हॉटेल बघत होतं, काढायची त्याची छाती झाली नाही. बटूचं मुख्य वेटरपण गेलं, आता तो आत आचारिणीच्या हाताखाली आहे. माझा फोटो ती परत देत होती. मी घेतला नाही. तो मागेच राहू दे म्हटलं. इतके दिवस तिची आई माझ्यामागे गुमान उभी राहिली, आता तिच्यामागे मी राहते.

पोरांना पापे. जावईबापूंना आशीर्वाद.
तुझी हयात
आई