दुवा देणे थांबवूनही खाते बंद झाल्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रक,
'खाडी-किनारा' ऑनलाइन चर्चामंच,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

विषय : नियमानुसार दुवा देणे थांबवूनही बंद झालेले खाते पुन्हा उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मंचाचा नियम क्र. ७
२) खाते बंद केल्याची आपली सूचना, दि. ३ नोव्हेंबर २०२५

महोदय,

१. मी खाली सही करणार, वय ६१, देवबाग येथे घरच्या चार खोल्या पर्यटकांना देते. माझी पुतणी रसिका हिने खोल्यांची वेबसाइट काढून दिली व सांगितले, "काकी, मंचार लोकांका उत्तरा दी आणि खाली आपलो पत्तो घाल. तसा केलंस काय शोधणाऱ्याक आपला नाव आधी गावता." त्यानुसार मी आजवर एकशे बारा उत्तरे दिली.

२. उत्तरे खरी आहेत. काजूचा डाग कपड्यावरून जात नाही, हेही मी खरेच सांगितले. एका गृहस्थांच्या वडिलांच्या निधनवार्तेखाली मात्र सांत्वनापाठोपाठ 'समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्या' गेल्या. ती चूक मला मान्य आहे व त्याबद्दल रसिकाने मला यथेच्छ झापले आहे.

३. प्रत्येक उत्तराखाली मी "देव बरा करो, पोराबाळांका सुखात ठेवो" असे लिहीत असे. ऑगस्टमध्ये आपला नियम वाचला : 'प्रतिसादाखाली दुवा देऊ नये.' फार वाईट वाटले. दुवा दिल्याने कोणाचे काय बिघडते? तरीही नियम म्हणून त्याच दिवशी थांबवले. पत्त्याला मनाई नसल्याने पत्ता तेवढा ठेवला. पुढे 'दुवे तात्काळ थांबवा' अशी आपली समज आली, तेव्हा मी नमस्कारही गाळला. दुसऱ्या समजेनंतर 'कळावे'सुद्धा काढून टाकले. शेवटी लोक विचारू लागले, काकी रागावल्या काय? अशा स्थितीत खाते बंद झाले.

४. मंचाच्या भाषेत दुवा म्हणजे वेबसाइटचा पत्ता, हे रसिकाने परवा सांगितले. हसताना तिला ठसका लागला. मलाही हसू आले. सर्व पत्ते मी स्वतः काढून टाकीन. आशीर्वाद मात्र पूर्ववत लिहू द्यावेत, ही विनंती.

५. आता घाईचे. पुण्याच्या संचिता नावाच्या बाई चाकाच्या खुर्चीतल्या आईला समुद्र दाखवायला आणत आहेत. गाडी कुठवर येते, असे त्यांनी मंचावर विचारले. मी 'गाडी दारापर्यंत येते, पण' एवढे लिहिले आणि चुकून बोट लागून तेवढेच गेले. पुढचे लिहिण्याआधी खाते बंद. खाली त्यांचे उत्तर दिसते : 'धन्यवाद काकी, शनिवारी तुमच्याकडेच येतो.' त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नाही.

माझ्या दाराला सहा उंच पायऱ्या आहेत. त्यांनी शेजारच्या शर्मिला कुबल यांच्याकडे उतरावे, तिथे अंगण सपाट आहे व खुर्ची थेट वाळूपर्यंत जाते, असे मला लिहायचे होते. विहिरीवरून आमचे चार वर्षे बोलणे नाही, तो भाग वेगळा.

माझे खाते आपण सवडीने उघडावे. हे उत्तर मात्र आपल्या नावाने का होईना, आजच जाऊ द्यावे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
सुशीला भिकाजी तांडेल
देवबाग, ता. मालवण
दि. ५ नोव्हेंबर २०२५

सोबत : शर्मिला कुबल यांचा फोन नंबर (आज सकाळी त्यांच्या दारात जाऊन मागून आणला आहे).