वारस म्हणून अपात्र

आबा, मुरगूडच्या जमिनीला आता माझं एकटीचं नाव लागलं आहे. तुमच्या मुलाचं लागलं नाही. मी लागू दिलं नाही.

मी लॉ कॉलेजात होते तेव्हा स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचायचे, आणि तुम्ही जेवता जेवता एकेका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचात. एअर म्हणजे वारस. इंटेस्टेट म्हणजे मृत्युपत्र न करता मेलेला. एकदा डिसक्वालिफाइड विचारलात. मी म्हटलं, ज्याचा खून केला त्याच्या मालमत्तेत खुन्याला वाटा नाही. खुनी त्या माणसाच्या आधीच मेला, असं कायदा धरतो. तुम्ही भाकरी मोडत हसलात. "बापाला मारून जमीन? असलं कोण करतंय व्हय?" माझा धाकटा भाऊ भिंतीला पाठ न टेकवता जेवत होता, कारण सकाळीच तुम्ही त्याला चाबकानं फोडला होता. आजोबांनी तुम्हालाही असंच फोडलं होतं, हे तुम्हीच कौतुकानं सांगायचात. हेरेडिटी, म्हणजे आनुवंशिकता, हा शब्द मात्र तुम्ही कधी विचारला नाहीत.

पुढं एका दिवाळीत मी माहेरी आले होते. उसाच्या बांधावर तुम्ही चाबूक उगारला आणि धाकट्यानं हातातलं खोरं तुमच्या डोक्यात घातलं. तुम्ही पडलात, तरी घालत राहिला. मी पाहिलं ते सगळं कोर्टात सांगितलं. त्याला जन्मठेप झाली.

यंदा तो सुटून आला आणि वारसनोंदीचा अर्ज घेऊन तलाठ्यापुढं उभा राहिला. मी हरकत घेतली.

"आक्का, म्हंजे मी मेलोय व्हय?"

"कायद्यानं, व्हय."

"पावणं, भांडणं भाईर करा की," तलाठी म्हणाला.

तो हसला. पाठ फिरवून त्यानं शर्ट वर केला. वळ अजून काळेच आहेत, आबा, मानेपासून कमरेपर्यंत. "जमीन घे तू. ह्ये कुणाच्या नावावर लावतीस?"

शाहूपुरीत इतकी वर्षं वकिली केली. त्या दिवशी कागद गोळा केले आणि बाहेर पडले.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही चिखलात पडलात तेव्हा मी किंचाळले, ते शेजारच्या रानातल्या लोकांनीही ऐकलं. किंचाळण्याच्या आधी, क्षणभरच, मला हायसं वाटलं होतं. ते कोर्टात कुणी विचारलं नाही.