कावळा शिवला नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज अण्णांचा, माझ्या वडिलांचा, दहावा. पिंड ठेवून दीड तास बसलो, एकही कावळा आला नाही. काका सारखे विचारत होते, "दादाची काही इच्छा राहिली का रे?"

धावपट्टी वाढवायची होती तेव्हा विमानतळाचा कर्मचारी म्हणून गावसभेत समजूत काढायला मीच उभा होतो. पक्ष्यांचा विमानाला धोका असतो, म्हणून फटाके वाजवून हाकलावे लागतील, असं सांगितलं. अण्णा मागून म्हणाले, "कावळे तेवढे राहू दे बाबा, आमाला लागतील." सगळे हसले. मीही. का हसलो मी?

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेवढ्यात धावपट्टीकडे फटाका वाजला.

कुणी हसलं नाही.